बोल्टवर एक नंबर, बॉडीवर दुसरा: जुन्या थ्री-नॉट-थ्रीचे बदललेले पार्ट कसे ओळखायचे

ग्वाल्हेरात आचारसंहिता लागली की दर वेळी हाच लोचा होतो. थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३ ची जुनी फौजी ली-एनफिल्ड रायफल, ठाण्यात जमा करायला न्यायची, तिथले कारकून मुन्शीजी बोल्टच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) दांड्यावरचा नंबर वाचणार, लायसन्सवरचा बघणार आणि म्हणणार की भाईसाहब ये तो मैच नहीं हो रहा. मग घरात धावपळ, आजोबांना कोणी फसवलं का, मालखान्यात कोणी पार्ट बदलला का, रायफल डुप्लिकेट आहे का. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका लायसन्सवर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या, मुरारमधल्या कितीतरी मराठी घरांनी कपाटातली जुनी हत्यारं बाहेर काढली, कुठली ठेवायची कुठली द्यायची हे ठरवायला, आणि तेव्हापासून तर हा प्रश्न फारच वाढलाय. मी आर्मररच्या, म्हणजे हत्यारं दुरुस्त करायच्या, कामातला माणूस, म्हणून सगळे माझ्याकडेच येतात, तर एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. नंबर जुळणं वेगळं आणि पार्ट जुळणं वेगळं. नंबर सगळे एक असलेली रायफल धोकादायक असू शकते, कारण नंबर कोणीही ठोकू शकतो, आणि तीन वेगळे नंबर असलेली रायफल एकदम ठणठणीत असू शकते, कारण फौजेच्या वर्कशॉपमध्ये ती दोन-तीनदा उघडून पार्ट बदलून परत मापात बसवलेली असते. फौजेची रायफल तीस-चाळीस वर्षं वापरली जाते, त्यात पार्ट बदलणारच. शोधायचं हे की कोणी बदलला, का बदलला, आणि बदलताना मापं घेतली का.

हात लावायच्या आधी मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा. घरच्यांनी "खालीच आहे हो" म्हटलं तरी. आणि जोपर्यंत बोल्टचा निकाल लागत नाही तोपर्यंत त्या रायफलीतून एकही राउंड मारायचा नाही, लग्नात तर मुळीच नाही, ते तसंही गुन्ह्यातच येतं.

रायफलीचा नंबर म्हणजे बॉडीचा नंबर, बॉडी म्हणजे ज्या लोखंडी सांगाड्यात बोल्ट सरकतो तो. एसएमएलई, म्हणजे आखूड ली-एनफिल्ड, नंबर १ मार्क ३ च्या घराण्यातली असेल तर बॉडीच्या पुढच्या कड्यावर, उजव्या बाजूला, जिथे बॅरल आत शिरते तिथे हा नंबर असतो. तोच नंबर बॅरलच्या मागच्या जाड भागावर, बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी मागच्या बाजूला, बॅकसाईटच्या (नेम धरायच्या मागच्या साईटच्या) पातीच्या पोटाला, नोज कॅपवर, म्हणजे पुढच्या टोकाच्या लोखंडी टोपीवर, आणि फोर-एन्डच्या, म्हणजे नळीखालच्या पुढच्या लाकडावर, टोकाशी खालच्या अंगाला मारलेला असायचा. मॅगझीनवर बहुतेक नसतोच, त्यामुळे मॅगझीनला नंबर नाही म्हणून घाबरू नका. नंबर ४ ची, म्हणजे नंतरच्या मॉडेलची, रायफल असेल तर मात्र मुख्य नंबर बटच्या (खांद्याला टेकवायचं लाकूड) सॉकेटवर डाव्या बाजूला शोधा, पुढच्या कड्यावर शोधत बसाल तर मिळायचा नाही.

नंबर वाचताना सगळ्यात जास्त गडबड आधीच्या अक्षराची होते. आकडे संपले की कारखाने पुढचं अक्षर लावून परत पहिल्यापासून आकडे सुरू करायचे, म्हणजे तेच पाच आकडे आणि वेगळं अक्षर ही चक्क दुसरी रायफल झाली. लायसन्सवर बाबूने नुसते आकडे उतरवलेले असतात, अक्षर गाळलेलं, तिथेच अर्धे लफडे सुरू होतात. गंज चढला असेल तर एमरी पेपर लावू नका, हात जोडून सांगतो, नंबर अर्धा गेला की तुम्हीच संशयित. थोडं तेल लावून रात्रभर ठेवा, मऊ कापडाने पुसा, मग पांढरा खडू आडवा फिरवा, आकड्यांच्या खाचेत पांढरं बसतं आणि वाचता येतं. किंवा मोबाईलचा टॉर्च अगदी बाजूने, पृष्ठभागाला घासून जाईल असा धरा, समोरून धराल तर काही दिसत नाही.

आता सगळ्यात स्वस्त कारण, ज्यात एक पैसा लागत नाही. बोल्टची अदलाबदल. आपल्याकडे बोल्ट काढून वेगळ्या कपाटात कुलपात ठेवायची घराघरात पद्धत आहे, चांगली पद्धत आहे, पण घरात दोन रायफली असतील तर दिवाळीच्या साफसफाईत हमखास अदलाबदल होते. फाळके बाजारातल्या एका घरात दोन चुलतभावांच्या रायफली, दोन्ही ईशापूर कारखान्याच्या, दोन्हीचे बोल्ट एकाच पितळी डब्यात तेलात गुंडाळलेले, आणि धाकट्याच्या रायफलीचा नंबर ठाण्यात जुळेना म्हणून तो पार वकिलापर्यंत जाऊन आला होता. दोन्ही बोल्ट टेबलावर शेजारी ठेवले, दांडे उलटे केले, आणि झालं, थोरल्याचा बोल्ट धाकट्याकडे आणि धाकट्याचा थोरल्याकडे, तोही बहुतेक त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. थोरल्याच्या रायफलीचा बोल्ट शेवटच्या अर्ध्या बोटावर जरा जोर लावून बंद व्हायचा, सगळे म्हणायचे जुनी रायफल आहे, अकडली आहे. बोल्ट परत ज्याचे त्याला दिल्यावर त्याच रायफलीचा बोल्ट अंगठ्याने बंद व्हायला लागला. म्हणून नंबर जुळत नाही दिसलं की आधी भावाच्या, काकांच्या, शेजारच्या वाड्यातल्या रायफलीचा बोल्ट बघा, विशेषतः जर दोन्ही हत्यारं कधी एकत्र जमा झाली असतील तर.

बोल्टवर एवढा जोर का, ते समजून घ्या. ली-एनफिल्डचं कुलूप बोल्टच्या मागच्या भागात आहे, एका बाजूला लग, म्हणजे बॉडीत अडकणारा उंचवटा, आणि दुसऱ्या बाजूला लांब पट्टी, आणि गोळी सुटली की सगळा मागचा धक्का या दोघांवर येतो. हे दोन्ही बॉडीला सारखे टेकायला हवेत, म्हणून कारखान्यात बोल्ट त्या त्या बॉडीला घासून बसवायचे आणि मगच नंबर मारायचे. दुसऱ्याचा बोल्ट घातला तर तो आत जाईल, बंद होईल, फायरही होईल, पण धक्का एकाच बाजूवर येत असेल तर बॉडीवर ताण येत राहतो. बोल्ट काढून दोन्ही टेकायच्या जागा बघा, दोन्हींवर घासल्याची चमक साधारण सारखी हवी. एक चमचमीत आणि दुसरी काळीच, म्हणजे बोल्ट या बॉडीचा नाही किंवा कोणी मापं न घेता घातलाय.

दुसरं बोल्ट हेड, म्हणजे बोल्टचं पुढचं तोंड. हे आटे फिरवून निघतं आणि त्याच्यावर नंबर नसतो, म्हणून हा पार्ट चोरून बदलायला सगळ्यात सोपा. नंबर ४ च्या रायफलीत बोल्ट हेड ०, १, २, ३ अशा चार मापांत यायचं आणि तो आकडा त्यावर छापलेला असायचा, एसएमएलईत तसं काही नाही, आर्मरर दोन-चार हेड लावून बघायचा आणि योग्य ते घासून बसवायचा. हेड पूर्ण आवळल्यावर त्याची बाजू बोल्टच्या पट्टीशी साधारण सरळ रेषेत यायला हवी. फिरत फिरत बरंच पुढे जात असेल तर ते हेड दुसऱ्या बोल्टचं आहे असं धरून चाला.

हेडस्पेस हा शब्द ऐकला असेल. .३०३ चं काडतूस रिमचं, म्हणजे तळाला बाहेर आलेल्या कडेचं आहे, त्यामुळे बोल्टचं तोंड आणि रिम टेकते ती जागा, यातलं अंतर मोजायचं. फौजी गेजमध्ये (चेंबरमध्ये घालून बघायचं माप) ०.०६४ इंचावर बोल्ट बंद व्हायला हवा आणि ०.०७४ इंचावर बंद होता कामा नये. हे गेज घरी नसतं, लायसन्सवाल्या चांगल्या गनस्मिथकडे असतं, त्याच्याकडूनच करून घ्या. घरी बघता येण्यासारखं एवढंच की पूर्वी मारलेल्या काडतुसांची रिकामी पितळी खोकी पडली असतील तर त्यांच्या तळाच्या थोडं वर, गोल फिरलेली चमकदार रेघ आहे का बघा. असेल तर पितळ ताणलं गेलंय, पुढच्या वेळी खोकं तिथेच दोन तुकडे होणार. अशी रेघ असेल तर नंबर जुळोत न जुळोत, रायफल बाजूला ठेवा.

आता नंबर खोडून दुसरा मारलेला दिसला तर काय? बघा, वर्कशॉपची पद्धत अशी की जुन्या नंबरावर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी नवा नंबर ठोकायचा. ही रेघ दिसली की उलट बरं वाटतं मला, कोणीतरी जबाबदार माणसाने उघडपणे केलेलं काम आहे. कधी जुना नंबर घासूनही नवा मारलेला असतो, बोल्टच्या बाबतीत हेही चालून जातं. ठोकलेले आकडे बघा, एकाच उंचीचे, एकाच रेषेत, सारख्या खोलीचे असतील तर कारखाना किंवा वर्कशॉप. एक आकडा वर एक खाली, खाचेच्या कडा ताज्या आणि खाचेत काळवट रंग नाही, तर बाजारातलं काम. आणि बॉडीवरचाच नंबर घासलेला असेल तर तिथे थांबा, पुढचं काही वाचू नका, आधी वकील गाठा. नंबर मिटवणं, बदलणं, खोटा मारणं हे आर्म्स ॲक्टच्या कलम ८ मध्येच येतं आणि ज्याच्या ताब्यात ते हत्यार सापडतं त्याच्यावरच आधी बोट येतं.

थोडं मागे जाऊन, तुमची रायफल नक्की कुठली ते ठरवा, कारण कितीतरी वेळा पार्ट चुकीचा नसतो, आपण रायफलच चुकीची समजत असतो. बटच्या पुढे जो लोखंडी सॉकेट आहे त्याच्या उजव्या बाजूला, बोल्टच्या दांड्याखाली, मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, वर्ष आणि मॉडेल असतं. एनफिल्ड, बीएसए, एलएसए हे विलायतचे, लिथगो ऑस्ट्रेलियाचा, आणि आपल्याकडचा ईशापूर, बंगालमधला. ईशापूरच्या ब्रिटिश काळातल्या रायफलींवर जी आर आय असतं, राजा जॉर्ज आणि सम्राट, स्वातंत्र्यानंतर ते जाऊन अशोकाचे सिंह आणि आर एफ आय आलं. म्हणजे बॉडीवर जी आर आय १९४२ आणि बॅरलवर पन्नासच्या दशकातलं वर्ष असेल तर बॅरल नंतर बदललीय, त्यात काही गैर नाही, झिजलेली बॅरल बदलतातच. बॅरलचं वर्ष पाहायला मागचं हँडगार्ड उचलावं लागतं, नळीच्या जाड भागावर शेवटचे दोन आकडे मिळतात.

मॉडेल १९०७ चं मार्क ३, आणि पहिल्या महायुद्धात घाईघाईत सोपं केलेलं मार्क ३ स्टार. युद्धात त्यांनी मॅगझीनचा कट-ऑफ, म्हणजे मॅगझीनमधून राउंड वर येणं थांबवणारी पट्टी, काढला, लांब पल्ल्याची डाव्या बाजूची व्हॉली साईट काढली, बॅकसाईटचं डावं-उजवं करायचं बटण काढलं. आता मजा अशी की मार्क ३ स्टारच्या कितीतरी बॉडींना कट-ऑफची फट तशीच ठेवली होती, फक्त पट्टी बसवली नाही. त्यामुळे "काका, इथली पट्टी कोणीतरी चोरली" असं जेव्हा कोणी सांगतं तेव्हा मी आधी मॉडेल वाचायला लावतो. तसंच बटच्या उजव्या बाजूला नाण्याएवढा गोल खड्डा असतो, तिथे पितळेची चकती असायची पलटणीचा नंबर लिहिलेली, तीही युद्धात बंद केली. रिकामा खड्डा म्हणजे चोरी नव्हे.

उलट मार्क ३ ची बॉडी आणि फोर-एन्डला डावीकडे व्हॉली साईटसाठी काही जागाच नाही, एकदम सपाट लाकूड, म्हणजे फोर-एन्ड नंतरचा आहे. हेही वर्कशॉपमध्ये सर्रास व्हायचं.

व्ही आर लिहिलेली रायफल घेऊन लोक फार खूश असतात, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली म्हणून. राणी गेली १९०१ मध्ये. एसएमएलई आली त्यानंतर. तर व्ही आर आणि खाली १९०७ असं असेल तर ती रायफल सरहद्दीकडच्या दर्रा गावची, हाताने बनवलेली नक्कल आहे, तिकडचे कारागीर ठसे बघून बघून मारायचे त्यामुळे कधी एन उलटा, कधी एनफिल्डचं स्पेलिंगच चुकलेलं. पण, आणि हा पण महत्त्वाचा, व्ही आर आणि खाली १८९८ वगैरे वर्ष, आणि दुसऱ्या बाजूला कन्व्हर्टेडचा ठसा असेल तर ती जुनी लांब रायफल कापून, बदलून शॉर्ट केलेली खरी सरकारी रायफल असू शकते. ती तर दुर्मिळ. दोन्हींमध्ये फरक ओळखल्याशिवाय "नकली आहे" म्हणून कवडीमोलाने कोणाला देऊ नका.

मग ७.६२ वाली. १९६० च्या दशकात ईशापूरने हीच ॲक्शन मजबूत पोलादात बनवून ७.६२ साठी काढली, २ए आणि २ए१. सॉकेटवरच ७.६२ एमएम लिहिलेलं असतं. दिसायला मामूली माणसाला थ्री-नॉट-थ्रीच वाटते. ओळख सोपी, मॅगझीन चौकोनी डब्यासारखी, खालचा तळ सरळ, आणि .३०३ ची मॅगझीन तळाला तिरकी उतरती. २ए१ ची बॅकसाईट ८०० पर्यंतच, जुन्या .३०३ वर २००० पर्यंत आकडे. तर .३०३ च्या बॉडीवर ८०० वाली पाती दिसली, तर पाती २ए१ ची लावलीय, आणि मग निशाणा का लागत नाही हे वेगळं सांगायला नको. दोन्हींचे राउंड कधीही एका डब्यात ठेवू नका.

.३१५ ची गोष्ट वेगळी. ती मिलिटरी नाहीच, आपल्या ऑर्डनन्सने नागरिकांसाठी बनवलेली स्पोर्टिंग रायफल, ॲक्शन एनफिल्डच्या घराण्यातली, पाच राउंडची, म्हणून लोक तिला थ्री-नॉट-थ्री म्हणतात. इंग्रजांनी फौजेचं काडतूस जनतेच्या हाती जाऊ नये म्हणून ८ मिलिमीटरचं काडतूस चालू केलं होतं, तेच हे. कायद्यात हा फरक फार मोठा, .३०३ प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या मापात, .३१५ नाही. कोणी .३१५ ला .३०३ ची बॅरल किंवा बोल्ट "चांगला मिळाला म्हणून" लावत असेल तर तिथून उठून या.

आणि नळीत बघितलं तर आट्यासारख्या रेषाच नाहीत, आतून आरशासारखी गुळगुळीत, मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा? ती .४१० ची मस्केट, पोलीस आणि जेलच्या पहाऱ्यासाठी .३०३ ची नळी मोठी करून छर्र्यासाठी केलेली. ठोकळा कोणी घुसवलेला नाही, तो तिचाच आहे, एका वेळी एकच काडतूस घालता यावं म्हणून.

लाकडावर जरा सविस्तर, कारण नुकसान इथेच जास्त होतं. लोकांना बट वेगळ्या रंगाचा दिसतो, मग तो खोलून आतला नंबर बघायची हौस येते. एसएमएलईचा बट एका लांब बोल्टने (हा पेचाचा बोल्ट, चेंबर बंद करणारा नव्हे) धरलेला असतो, बट प्लेटचं झाकण उघडून लांब पेचकसाने आतून फिरवायचा. पण या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते सॉकेटमधून पुढे निघून फोर-एन्डच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं, बट ढिला होऊ नये म्हणून. फोर-एन्ड न काढता तुम्ही बोल्ट फिरवला की ते चौकोनी टोक लाकडाला आतून पिळतं आणि फोर-एन्ड मागच्या बाजूने फाटतो. कट्ट असा आवाज येतो, तो आला की समजायचं खर्च झाला. म्हणून आधी फोर-एन्ड, मग बट. आणि फोर-एन्ड काढतानाही पुढून उचकटून नाही काढायचा, नोज कॅप, बँड, ट्रिगर गार्ड सगळं सोडवल्यावर सरळ खाली, समांतर, दोन्ही हातांनी. फोर-एन्डच्या आत मागच्या भागात लाकडाचे जे दोन खांदे आहेत तेच सगळा धक्का पेलतात, ते मोडले की नवा फोर-एन्ड.

ईशापूरच्या कितीतरी रायफलींना फोर-एन्डमधून आडवा एक स्क्रू आरपार मारलेला दिसतो. लोक म्हणतात कोणीतरी फाटलेलं लाकूड जोडलंय. नाही, ते मजबुतीसाठी तिकडच्या कारखान्यातच मारायचे. तसंच पुढच्या भागाला तार गुंडाळलेली आणि त्यावर झाळलेलं असेल तर ती ग्रेनेड फेकायची रायफल होती, तार सोडून पॉलिश करू नका, मी सोडलेल्या बघितल्यात, वाईट वाटतं.

बटच्या लांबीचं एक अक्षर बटच्या वर, मागच्या टोकाशी असतं, एल म्हणजे लांब, एस म्हणजे आखूड, बी म्हणजे त्याहून आखूड, काहीच नाही तर नॉर्मल. घरात आजोबा उंच आणि बट बी चा असेल तर तो नंतर कुठून तरी आलाय असा तर्क करायला हरकत नाही, पण पुरावा म्हणून धरू नका. हँडगार्डवर, म्हणजे नळीवरच्या लाकडावर, नंबर नसतो, रंगात फरक असतोच.

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर गेला की लाकूड आकसतं आणि फोर-एन्ड खुळखुळायला लागतो, मग लोक ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू आवळत सुटतात. त्या स्क्रूत एक छोटी कॉलर असते, लाकडाच्या आत, किती आवळायचं ते तीच ठरवते. ती हरवलेली असेल तर स्क्रू लाकूड चिरडत जातो आणि पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर सगळं अडकतं. दर वर्षी खुळखुळतं म्हणजे कॉलर आहे का ते बघा, पार्ट हरवल्याची ही सगळ्यात नेहमीची केस. आणि दुकानातून हार्डवेअरचा स्क्रू आणून ठोकू नका, एनफिल्डचे आटे वेगळे, तो बसल्यासारखा वाटतो आणि बॉडीचे आटे खाऊन टाकतो. स्क्रूच्या डोक्याची खाच चिरलेली, एकाचं डोकं गोल एकाचं सपाट, हे दिसलं की आत कोणीतरी अनाडी हात गेलाय हे पक्कं, नंबर काही का म्हणेनात.

कॉकिंग पीस, म्हणजे बोल्टच्या मागे जे बोटाने ओढतो ते, कधी गोल बटणाचं तर कधी चपटं खाचा असलेलं. युद्धात सोपं म्हणून चपटं केलं. मार्क ३ वर चपटं दिसलं तर बहुधा बदललंय, काम मात्र तेच करतं.

डी पी. ही दोन अक्षरं बॉडीवर, नळीवर, लाकडावर कुठेही दिसली तर ती ड्रिलसाठीची रायफल, कॉलेजच्या एनसीसीत जी खांद्यावर घेऊन फिरवतात ती. तिचे पार्ट नाकारलेले असतात, म्हणूनच ड्रिलला दिलेल्या असतात, आणि त्यांच्यात पार्ट तर खिचडीच असते, कुणाचा बोल्ट कुणाला. तिथे नंबर जुळवत बसण्यात अर्थ नाही. पण कोणाच्या लायसन्सच्या रायफलीत डी पी ठशाचा बोल्ट किंवा बोल्ट हेड निघालं तर तो पार्ट तिथून बाहेर. ड्रिलची रायफल परत चालू करायचा विचार तर करूच नका.

आता कागदाचं. बॉडीचा नंबर लायसन्सवर आहे आणि फक्त बोल्ट वेगळा, तर ठाण्यात बॉडीचा नंबर दाखवा, बोल्ट बदलल्याचं लायसन्सवाल्या डीलरचं बिल किंवा वर्कशॉपची रेघ दाखवा, बहुतेक वेळा मुन्शीजी समजून घेतात. लायसन्सवर चुकून बोल्टचाच नंबर उतरवलेला असेल, आणि जुन्या लायसन्सांत असं खूप आहे कारण बोल्टवरचा नंबर वाचायला सोपा पडतो, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या, दोन्ही नंबरांचे फोटो, जुनं लायसन्स, वारसा असेल तर त्याचे कागद. चकरा माराव्या लागतील, बाबू सांगेल की हत्यार आणून दाखवा, मग दाखवा. त्या चकरा वाचवायला एखादा बंदूकवाला म्हणेल "बोल्टपे वही नंबर मार देता हूँ, दो मिनट का काम है". त्याच्याकडून काहीच करून घेऊ नका, साधी तेलाची बाटलीसुद्धा.

जुळणारा बोल्ट शोधायला बाजारात फिरणाऱ्यांनाही हेच. दुसरा बोल्ट आणला तरी तोही तुमच्या बॉडीचा नाहीच, गेज लावून घ्यावंच लागणार, मग आहे तोच गेजमध्ये बसत असेल तर बदलायचा कशाला? फौजेने बसवलेला वेगळ्या नंबराचा बोल्ट मी कधीही ठेवीन, बाजारातून आणून तोच नंबर मारलेल्या बोल्टपेक्षा.

मला किंवा दुसऱ्या कुठल्याही जाणत्या माणसाला फोटो पाठवणार असाल तर रायफल आडवी करून लांबून काढलेले फोटो नकोत. सॉकेटची उजवी बाजू, पुढच्या कड्यावरचा नंबर, बोल्टच्या दांड्याचा मागचा भाग, बोल्ट काढून त्याच्या दोन्ही टेकायच्या जागा, हेड आवळलेलं असताना वरून, बॅकसाईटच्या पातीची खालची बाजू, नोज कॅप खालून, आणि मॅगझीन बाजूने, एवढे जवळून, उजेड बाजूने घेऊन. नंबराचे शेवटचे दोन आकडे बोटाने झाका, सगळ्या फोटोंत तेच दोन, आणि लायसन्सचा फोटो कोणालाही पाठवू नका.